टेफ्लॉनवरचा अंगठा

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या इंगळ्यांच्या घरात एक तलवार आहे. ती शेवटची कधी चालली हे कोणालाच सांगता येत नाही. शेवटची कधी दिसली ते मात्र सगळ्यांना ठाऊक असते, कारण ती वर्षातून एकदाच दिसते, खंडेनवमीला. एरवी ती लाल फ्लॅनेलमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर पडून असते आणि तिला हात लावायची घरात कोणालाच मुभा नाही. कान्होजी इंगळ्यांनाही नाही, आणि ते तर घरचे कर्ते. मध्यंतरी नया बाजारातल्या एका मिठाईवाल्याने नव्या दुकानाची फीत कापायला ती मागितली होती. "मराठ्याची तलवार काजूकतलीसाठी नाही," असे कान्होजींनी त्याला ठणकावले आणि मग उद्घाटनाला जाऊन काजूकतली खाऊन आले.

कान्होजींचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून आले. कान्होजी स्वतः एका बँकेच्या दारात खुर्चीवर बसून निवृत्त झाले. त्यांच्याकडे बंदूक होती आणि ती त्यांनी कोणावरही झाडली नाही. बँक अखेरपर्यंत लुटली गेली नाही, याचे श्रेय ते आपल्या मिशांना देत. दोन्ही पेशे संरक्षणाचेच, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खोडून काढण्याच्या भानगडीत छावनीत कोणी पडत नसे.

हर्षिता ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिने पेशा बदलला. ती टेफ्लॉनकडे गेली.

टेफ्लॉन म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असते ते. मूळचे ते पांढरे, मेणासारखे गुळगुळीत प्लॅस्टिक असते, फ्लोरिन आणि कार्बन यांच्या लांबलचक साखळ्यांचे. त्याला पाणी चिकटत नाही, तेल चिकटत नाही, ॲसिड काही करू शकत नाही. कोणी काहीही ओतले तरी ते आपले तसेच. छावनीत अशी माणसे पुष्कळ आहेत, पण त्यांच्यावर कोणी पीएच.डी. करत नाही. टेफ्लॉन दाद देते ती फक्त जोरदार एक्स-रे किरणांना. किरण पडतील तिथल्या, आणि फक्त तिथल्याच, साखळ्या तुटतात. मारा जास्त असला की तेवढा भाग वायू होऊन उडून जातो आणि मागे केसाहून बारीक खाच राहते. मारा बेताचा ठेवला की वरच्या थराचा स्वभाव तेवढ्यापुरता बदलतो आणि जन्मभर कशालाही न चिकटलेली वस्तू त्या जागी चिकटू लागते. हर्षिताला नखाएवढ्या टेफ्लॉनच्या तुकड्यावर असे बारीक पाट कोरायचे होते. त्यांतून तान्ह्या बाळाच्या रक्ताचा एक थेंब कुठेही न अडता वाहायचा आणि ठरवलेल्या जागी त्यातले हवे तेवढेच चिकटायचे. बाळाची टाच पुन्हा पुन्हा टोचायला नको, आणि आजार असला तर तो थेंबभर रक्तात कळावा.

हे सगळे तिने आईला, विजयाबाईंना, समजावून सांगितले होते. विजयाबाई ऐकून घेत आणि शेवटी एकच म्हणत, "तव्याला डोसा चिकटू नये म्हणून जग पैसे मोजतं, आणि माझी पोर पाच वर्षं बसलीय तो चिकटावा म्हणून."

"आई, डोसा नाही गं. प्रोटीन."

"डाळीचाच असतो ना डोसा? मग प्रोटीनच की ते."

आता हे किरण इस्पितळातल्या यंत्रात मिळत नाहीत. त्यासाठी इंदूरला जावे लागते. तिथे शहराबाहेर इलेक्ट्रॉनना एका भल्यामोठ्या कड्यात गरागरा फिरवणारे यंत्र आहे. त्या फेऱ्यांतून जो प्रखर झोत निघतो तो वाटून घ्यायला देशभरातले लोक टपलेले असतात. अर्ज करायचा, वाट पाहायची, मग कधीतरी आपली पाळी येते. पाळी आली की सण असो की सुतक, जायचेच. आणि झोत मिळाला तरी तो हवा तिथेच पडावा म्हणून मध्ये एक आडोसा धरावा लागतो. रांगोळीचा छाप असतो ना, भोके पाडलेला, तसाच प्रकार. पापुद्र्यासारख्या पातळ पडद्यावर सोन्याच्या बारीक रेघा. सोने किरण अडवते, मोकळी जागा सोडते. याला ते लोक मास्क म्हणतात.

"मास्क? आता कुठं आलाय करोना?" कान्होजींनी विचारले होते.

हर्षिताचा मास्क दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत तयार झाला. तो करायला वर्षाहून जास्त लागले, आणि ज्याने केला तो करून झाल्याबरोबर परदेशी निघून गेला. दुसरा करणारे आता इकडे कोणी नव्हते. शिष्यवृत्ती ऑक्टोबरअखेर संपत होती. मार्गदर्शक डॉ. मधुसूदन देवस्थळी त्याच दिवशी निवृत्त होत होते. दक्षिणेतल्या एका संस्थेत तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती, पण अट अशी की आधी प्रबंध पूर्ण करा. प्रबंधात एकच प्रयोग राहिला होता, आणि त्याची पाळी इंदूरला नेमकी दसऱ्याच्या दिवशी आली. त्यानंतर ते यंत्र दुरुस्तीसाठी लांबलचक काळ बंद राहणार होते.

म्हणजे सगळे मास्कच्या त्या एका डबीत होते. सुट्ट्यांत विद्यापीठाला कुलूप लागणार, आत उंदीर आणि ओल. म्हणून देवस्थळी सर म्हणाले, "घरीच ने. पण जपून."

हर्षिताने डबी घरी आणली आणि लोखंडी कपाटात, तलवारीच्या शेजारी ठेवली. आबांना, म्हणजे कान्होजींना, समोर बसवून तिने सांगितले, "आबा, नीट ऐका. ही डबी तुमच्या तलवारीसारखी आहे. बिलकुल तशीच. हिला कोणी हात लावायचा नाही."

"तलवारीसारखी," कान्होजी म्हणाले.

"हो. तसंच समजा."

कान्होजींनी मिशीवरून हात फिरवला. पोरीने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कळेल अशा भाषेत आपले काम सांगितले होते. "समजलो," ते म्हणाले. आणि ते खरोखरच समजले होते, पुढचे सगळे त्यामुळेच झाले.

खंडेनवमीच्या सकाळी हर्षिता शहराच्या लष्कर भागात सरांकडे गेली. इंदूरच्या फाटकावर दाखवायच्या कागदावर त्यांची सही हवी होती. दसरा तोंडावर, बाड्याच्या चौकापाशी टेंपो मुंगीच्या चालीने, त्यात सरांच्या घरी फराळाचा आग्रह, तिला परतायला दुपार झाली. घरात उदबत्तीचा वास होता. पाटावरची तलवार पुन्हा फ्लॅनेलमध्ये जाऊन कपाटात पोचली होती. विजयाबाईंनी पाने वाढली. कान्होजी नवे धोतर नेसून, कपाळाला गंध लावून, फार खुशीत जेवत होते.

"आज माझं मन भरून आलं," ते म्हणाले.

"पुरण जास्त झालं असेल," विजयाबाई म्हणाल्या.

"तसं नव्हे. पाटावर यंदा दोन शस्त्रं होती. इंगळ्यांच्या घरात कितीतरी वर्षांनी नवं शस्त्र आलं."

हर्षिताचा घास हातातच राहिला. "कोणतं नवं?"

"अगं, तुझं. तूच म्हणालीस ना, तलवारीसारखं?"

"आबा, डबी उघडली तुम्ही?"

"उघडल्याशिवाय पूजा कशी करणार? म्यानासकट कोणी तलवार पूजतं का? आंघोळ करून, सोवळ्यानं उघडली. चिंता करू नकोस. हळद-कुंकू, अक्षता, फूल, आणि मधोमध शेंदराचा अंगठा. तलवारीला लावतो तस्साच."

बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तो पुन्हा पुन्हा किक मारत होता.

"आणि घाण नाही ठेवली हं," कान्होजी पुढे म्हणाले. त्यांना मुलीचा चेहरा वाचता येत नव्हता, ते आपल्याच व्यवस्थितपणाच्या आठवणीत होते. "नंतर फ्लॅनेलनं स्वच्छ पुसून घेतली. हळद, कुंकू, तांदूळ, सगळं. शेंदूर तेवढा ठेवला. शेंदूर पुसायचा नसतो."

ती उठली, हात धुतले, कोरडे केले, आणि कपाटातून डबी काढून खिडकीपाशी नेली. झाकण उघडले. आतला पडदा फाटलेला नव्हता. कान्होजींचा हात तलवारीवर फिरायला शिकलेला, हलका. पण फ्लॅनेलखाली अक्षतांचा एखादा दाणा राहिला असणार. तो जिकडे जिकडे घरंगळला तिकडे सोन्याच्या रेघा खरवडून निघाल्या होत्या. एका कोपऱ्यात थोडी नक्षी जागेवर होती. बाकी ठिकाणी सोने होते की हळद, हे उजेडात धरूनही कळेना. आणि मधोमध, तेलात कालवलेल्या शेंदराचा, ठसठशीत, केशरी अंगठा.

"छान उमटलाय ना?" मागून कान्होजी म्हणाले.

मग त्यांनी तिच्याकडे पाहिले. ती रडत असती तर त्यांना काहीतरी करता आले असते. पाणी दिले असते, विजयाबाईंना हाक मारली असती. ती डबीचे झाकण लावत होती आणि ते बसत नव्हते.

"काही चुकलं का?"

"हो आबा."

"पुसून काढू? रॉकेलनं शेंदूर निघतो."

"नको!" एवढे मात्र ती ओरडली.

देवस्थळी सरांना तिने गच्चीवर जाऊन फोन लावला. सर आयुष्यभर प्रयोग बिघडताना पाहत आले होते, त्यामुळे त्यांचा आवाज कधीच चढत नसे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "कुंकू राहिलंय की शेंदूर?"

"शेंदूर, सर."

"म्हणजे शिसं." सर पुटपुटले. "म्हणजे एक्स-रे अडवेल. चांगला अडवेल."

"सर, मी काय करू?"

"सॉल्व्हंट लावू नकोस. अंगठा काढायला गेलीस तर उरलेलं सोनंही जाईल. कोपऱ्यात नक्षी आहे म्हणतेस ना? मग जा. पाळी रिकामी घालवलीस तर ते पुढच्या खेपेला विचारणार नाहीत." मग ते म्हणाले, "वडलांना फार बोलू नकोस. आमच्याकडे आईनं माझ्या भिंगावर लोणी लावलं होतं. बाळकृष्णाच्या शेजारी ठेवलं होतं मी, माझीच चूक."

कान्होजी म्हणाले, मी येतो. हर्षिता नको म्हणाली. कान्होजी म्हणाले, सामान धरायला. सामान म्हणजे एक पिशवी आणि ती डबी, आणि डबी ती कोणाच्याही हातात देणार नव्हती. तरी संध्याकाळच्या गाडीला कान्होजी धोतर बदलून पँटमध्ये, पिशवी खांद्याला लावून, तिच्या आधी दाराबाहेर उभे होते. गाडीत त्यांनी सबंध प्रवासभर डबीकडे पाहिले नाही. समोरच्या बाकावरच्या माणसाने विचारले, "अंकल, डिब्बे में क्या है?" तेव्हा त्यांनी फक्त सांगितले, "हमारा नहीं है."

इंदूरच्या त्या आवाराच्या फाटकावर बाहेरच्यांना सोडत नाहीत. हर्षिता कागद दाखवून आत गेली. कान्होजी पहारेकऱ्यांच्या खोलीत बसले. आयुष्यभर ते अशाच खोलीत बसले होते, त्यामुळे थोड्याच वेळात तिथला हजेरीपट, चहाची पाळी आणि कोणत्या साहेबाची गाडी विनातपासणी सोडतात ते त्यांना कळून चुकले. खिशात त्यांनी शमीची पाने आणली होती. ग्वाल्हेरच्या मराठ्यांत दसऱ्याला सोने म्हणून शमीच देतात. पहारेकऱ्यांना एकेक पान देऊन ते म्हणाले, "सोना लो, सोने जैसे रहो." पहारेकरी त्यांच्या पाया पडले. आपण कुठेतरी अजून चालतो, असे कान्होजींना क्षणभर वाटले असावे.

आत यंत्राजवळ अपूर्व नावाचा तरुण शास्त्रज्ञ होता, मूळचा इंदूरचाच. त्याने डबी उघडली आणि मान वाकडी केली.

"मॅडम, हे काय लागलंय?"

"शेंदूर."

"सिंदूर?"

"खंडेनवमी होती."

अपूर्वचे घरही मराठीच होते. त्याने पुढे काही विचारले नाही. फक्त म्हणाला, "तेल आहे यात. माझ्या व्हॅक्यूममध्ये तेल गेलं तर मला हाकलतील." मग त्याने मास्कच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक पातळ पापुद्रा लावून तो बंद केला, खाली टेफ्लॉनचा पांढरा तुकडा ठेवला, दार मिटले, हवा काढली, तुकडा तापवला. झोत सुरू झाला. बाहेरून पाहण्यासारखे काही नव्हते. आकडे वर जात राहिले, हर्षिता खुर्चीवर बसून राहिली. पाच वर्षांचे काम तिच्यासमोर एका दाराआड चालू होते आणि ते फुकट जाते आहे हे तिला ठाऊक होते. तरी मधूनच तिला वाटे, कोपरा तरी येईल. एक पाट तरी सलग येईल. एका पाटावर लिहिता येईल काहीतरी.

दुपारी ती फाटकावर आली. कान्होजी उठून उभे राहिले. त्यांनी खिशातून उरलेले एक पान काढून पुढे केले.

"सोनं घे."

"सोनं तर तुम्ही पुसून टाकलंत, आबा."

पहारेकरी दुसरीकडे पाहू लागले. कान्होजींनी पान पुन्हा खिशात ठेवले, बटण लावले. "जेवलीस का?" त्यांनी विचारले.

"नाही."

"पोळी आहे पिशवीत." एवढे बोलून ते परत खोलीत जाऊन बसले.

संध्याकाळी तुकडा बाहेर आला. अपूर्वने तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, पाहिले, आणि खुर्ची सोडली. हर्षिता बसली. कोपऱ्यातले पाट आले होते, पण एकही सलग नव्हता. मध्येच दाण्याने नेलेले सोने, मध्येच खड्डा. रक्ताचा थेंब त्यातून कुठेही पोचला नसता. मग तिने तुकडा सरकवला आणि मधला भाग दिसला.

तिथे अंगठा होता. सगळे काही आजूबाजूला खोल गेले होते आणि शेंदराने झाकलेली रेघ न् रेघ पठारासारखी वर उभी राहिली होती. वळणे, भोवरा, दोन रेघा जिथे मिळतात ती जागा. लहानपणी गिरणीच्या पट्ट्यात कान्होजींचा अंगठा सापडला होता, त्या जुन्या जखमेचा तिरका व्रणही आला होता. कडा इतक्या उभ्या आणि स्वच्छ, की सोन्याच्या मास्कने याहून चांगले काम केले नसते.

"बढिया आलाय," अपूर्व हळूच म्हणाला. "सॉरी. म्हणजे… बढियाच आलाय."

ग्वाल्हेरला परतल्यावर देवस्थळी सरांनीही पुष्कळ वेळ पाहिले. मग चष्मा पुसून म्हणाले, "सुंदर आहे. याचा काही उपयोग नाही."

तरीही जे होते ते घेऊन हर्षिता पीएच.डी.च्या समितीपुढे उभी राहिली. समितीत तिघे होते. एकाने पाट अर्धवट का आहेत ते विचारले, तिने सांगितले. दुसऱ्याने मधली आकृती कशाची ते विचारले, तिने तेही सांगितले. तिसरे आतापर्यंत बिस्किट खात होते. त्यांनी बिस्किट खाली ठेवले.

"हे पुन्हा करून दाखवता येईल का?"

"कोणतं, सर?"

"हेच. एका प्रयोगाला आम्ही प्रयोग मानत नाही. पुन्हा केल्यावर तसंच आलं पाहिजे."

"त्यासाठी वडलांना पुन्हा आणावं लागेल, सर."

हे ती विनोदाने म्हणाली नव्हती. तिघेही मनापासून हसले, आणि समितीने मुदतवाढ मिळाल्यास पाट पुन्हा कोरून आणावेत असे ठरवले. मुदतवाढ मिळाली नाही. इंदूरचे यंत्र दुरुस्तीला गेले. सर निवृत्त झाले आणि मुलाकडे पुण्याला राहायला गेले. जाताना त्यांनी भिंग हर्षिताला देऊ केले, तिने ते घेतले नाही. दक्षिणेतल्या संस्थेने थोडे दिवस वाट पाहिली, मग जागा दुसऱ्याला दिली आणि अतिशय सभ्य शब्दांत तसे कळवले. हर्षिता नया बाजारातल्या एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवू लागली. पोरे तिला "मॅम" म्हणत आणि परीक्षेत येणार नसेल ते ऐकायला नकार देत.

घरात यावर कोणी बोलत नसे. विजयाबाई तिच्या आवडीच्या भाज्या करत आणि ती मुकाट्याने खाई. कान्होजी गच्चीवर जास्त वेळ बसू लागले. एकदा दुपारी ते तिच्या खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत.

"ते काय झालं ते मला बघू दे की."

हर्षिताने कपाटातून तुकडा काढला. नखाहून थोडा मोठा, पांढरा. नुसता समोर धरला तर काहीच दिसत नव्हते. तिने तो खिडकीच्या उजेडात तिरका केला, तेव्हा रेघा उगवल्या. कान्होजी वाकून पाहू लागले. मग त्यांनी आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला, पुन्हा तुकडा पाहिला, पुन्हा अंगठा.

"माझाच आहे."

"हो."

"हात लावू?"

"नको आबा. एक्स-रे लागला की टेफ्लॉन ठिसूळ होतं. भुगा होईल."

त्यांनी हात लगेच मागे घेतला, पाठीशी बांधला. "आणि हा पुसता नाही येत?"

"नाही. याला काहीच लागत नाही. पाणी नाही, तेल नाही, ॲसिड नाही. हा आता असाच राहणार."

"किती दिवस?"

"आपल्यापेक्षा जास्त."

कान्होजींनी मान हलवली, जणू बँकेत कोणी सांगितले होते की आज व्यवहार बंद आहेत. आणि ते गेले.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी साहेबासमोर उभे राहिले की भागत असे. आता यंत्रावर अंगठा टेकावा लागतो. कान्होजी ज्या बँकेच्या दारात निम्मे आयुष्य बसले तिच्याच आत रांगेत उभे राहिले. सोबत हर्षिता होती, क्लासला उशीर होत होता म्हणून सारखी घड्याळ पाहत. काउंटरवरच्या मुलीने यंत्र पुढे केले.

"बाबूजी, अंगूठा रखिए."

ठेवला. लाल दिवा.

"दबाके रखिए."

दाबून ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला, फुंकर मारून ठेवला, दुसरा ठेवला. लाल, लाल, लाल. तेलकट शेंदरात उमटलेल्या रेघा कोरड्या काचेला कळेनात.

"बाबूजी, आपकी लकीरें घिस गई हैं," मुलगी म्हणाली. "उमर में हो जाता है. नहीं आ रहा."

"मैं यहीं गार्ड था," कान्होजी म्हणाले. "इसी दरवाज़े पे. सब जानते हैं."

"जानते होंगे, पर मशीन नहीं जानती ना."

कान्होजी हर्षिताकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकले, पूर्वी काजूकतलीच्या वेळी चमकायचे तसे. "घरी आहे एक," ते हळूच म्हणाले. "अगदी चांगला आलाय. व्रणासकट. तो आणला तर?"

हर्षिता हसली असती तर बरे झाले असते. तिलाही हसावेसे वाटले असावे. पण तिने घड्याळ पाहिले आणि म्हणाली, "आबा, डोळ्याचं मशीन आणतात ते. बसा. मी जाते, मुलं थांबलीत." कान्होजी एकटेच त्या बाकावर बसले. डोळ्याचे यंत्र संध्याकाळी आले तेव्हा त्याने ते जिवंत असल्याचे मान्य केले.

वर्ष फिरून पुन्हा खंडेनवमी आली. सकाळी आंघोळ करून कान्होजींनी कपाटातून तलवार काढली, फ्लॅनेल सोडले, पाट मांडला. पाटाच्या एका बाजूला त्यांनी तलवार ठेवली आणि दुसरी बाजू मोकळी सोडली. विजयाबाईंनी ते पाहिले आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

हर्षिता बाहेर जायच्या तयारीत होती, क्लासला सणाची सुट्टी नसते. कान्होजी पाटासमोरून म्हणाले, "तुझं काही ठेवायचंय?"

"माझ्याकडे काही नाही आबा."

"ज्यानं काम करतेस ते काहीतरी."

ती दारात थांबली. मग तिने पर्समधून फळ्यावर लिहायचा निळा मार्कर काढला आणि मोकळ्या जागी ठेवला. टोपण सैल झालेले, अर्धी शाई वाळलेली. तलवारीशेजारी तो फार लहान दिसत होता.

कान्होजींनी तलवारीला गंध लावले, अक्षता वाहिल्या, वाटीत अंगठा बुडवून पात्यावर शेंदूर टेकला. शेंदूर उठला तो नुसता केशरी डाग, त्यात रेघ एकही नव्हती. मग त्यांनी तोच अंगठा पुन्हा वाटीत बुडवला आणि मार्करकडे हात नेला. हात तिथेच थांबला. हर्षिता पाहत होती. "लावा ना," ती म्हणू शकली असती. शब्द ओठांपर्यंत आलेही होते, पण ती म्हणाली नाही.

कान्होजींनी हात मागे घेतला. अंगठा स्वतःच्याच धोतराला पुसला. परडीतून एक झेंडू उचलला, दोन पावले मागे सरकले, आणि लांबूनच, हात लागणार नाही अशा बेताने, तो मार्करवर टाकला.

फूल पाटाच्या कडेला आपटून बाहेर पडले.

"झालं?" हर्षिताने विचारले.

"झालं."

तिने मार्कर उचलून पर्समध्ये टाकला आणि चपला घालून गेली. फूल जमिनीवर तसेच राहिले. ते उचलायला कोणी वाकले नाही.